नंदाशेठची तक्रार

छपरावरचा डबा उतरवायला बिनतारी खात्याचा साहेब स्वतः चढला नाही. त्यानं माझ्या बापाला चढवलं.

"नाना, तुम्ही नका. मी चढते," मी म्हटलं.

"राहू दे गो. कौलं मीच घातलीत, कुठली फुटतात ते मला ठाऊक," नाना म्हणाले आणि कमरेला पान्हा खोचून सरळ शिडीला लागले.

अडुसष्ट वर्षांचा माणूस. वर जाऊन त्यांनी पाइपाचा नट सैल केला, वायर नीट गुंडाळली आणि डबा काखेत मारून जपून खाली आले. साहेबानं तो उलटासुलटा करून पाहिला. वनस्पती तुपाचा पाच किलोचा पत्र्याचा डबा, तळाशी तांब्याची सव्वा इंच तार, मागून निघालेली काळी वायर. बस्स, एवढंच.

"ह्यातून सात किलोमीटर जातं?" साहेबानं विचारलं.

"सहा पूर्णांक आठ," नाना म्हणाले. "मधे नुसतं पाणी ना, अडवायला काही नाही."

मी नानांकडे डोळे वटारून पाहिलं. घरातला मुद्देमाल जप्त होतोय आणि हे साहेबाला अंतर दुरुस्त करून देतायत. जन्मभर तारमास्तर म्हणून नोकरी केलेली, पोस्टात कट्ट-कडकट्ट करत लोकांच्या मयतीच्या नि लग्नाच्या तारा पाठवलेल्या; सरकारी माणूस दिसला की नानांचा कणा आपोआप ताठ व्हायचा. साहेबांना चहासुद्धा त्यांनीच केला. मला तर त्या कपात मीठ घालावंसं वाटत होतं.

ही २००४ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. आमचं नवसर डोंगरावर, आणि खाली खाडीपलीकडे शिरवणे. शिरवण्यात एक घर सोडून एका घरातला पुरुष कुवेतला नाहीतर दोहाला. टेलिफोनच्या तारा तिथल्या खाऱ्या हवेत कुजायच्या. वर्षातले आठ महिने फोन म्हणजे नुसतं शोकेसमधलं खेळणं. नवऱ्याशी बोलायचं तर बायकांनी तरीच्या होडीत बसून अलीकडे यायचं, डोंगर चढायचा आणि नंदकुमार खातूच्या आयएसडी बूथसमोर रांग लावायची. आत काचेच्या खोक्यात मीटरचे लाल आकडे पळायचे. ते बघून बायका निम्मं बोलणं गिळून टाकायच्या आणि डोळे पुसत बाहेर यायच्या. नंदाशेठचे असे तीन बूथ होते, शिवाय गावची केबल टीव्हीही त्याचीच.

मी रत्नागिरीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. लग्नाचा विषय काढणाऱ्यांना दोन-तीनदा तोंडावर नाही म्हटलं, तेव्हा लोकांनी तो नाद सोडला. पडवीत चार कॉम्प्युटर मांडले, टेलिफोन एक्स्चेंज घराच्या भिंतीला लागून म्हणून लाइन बरी मिळाली. मग एक डबा आमच्या कौलांवर आणि एक शिरवण्यात हमिदाबी मुकादमांच्या गच्चीवर चढवला, प्रत्येकाच्या वायरीला लहरी सोडणारं एकेक यंत्र जोडलं. मधे तार नाही, खांब नाही. इंटरनेट हवेतून खाडी ओलांडून हमिदाबींच्या माजघरात.

पहिल्या संध्याकाळी कॅमेऱ्यात त्यांचा नवरा शौकतभाई दिसला. थांबत थांबत हलणारं चित्र, पण माणूस तोच. तीन वर्षांनी दिसलेल्या नवऱ्याला हमिदाबींनी पहिला प्रश्न विचारला, "केस कुठं गेले तुमचे?" सगळं माजघर हसलं. शौकतभाई तिकडे कुवेतमध्ये टोपी शोधायला लागला. महिनाभरात साडेसातच्या सुमाराला तिथे बायकांना बसायला जागा पुरेना आणि नंदाशेठच्या बूथवरची रांग पातळ झाली.

आता खरं सांगते. घराबाहेर अशा लहरी सोडायला तेव्हा दिल्लीचा परवाना लागायचा, हे मला माहीत होतं. आमच्यासारख्याला तो मिळत नाही, हेही माहीत होतं. म्हणून मी तो मागितलाच नव्हता.

साहेबांनी माणूस धाडून शिरवण्यातलंही सामान आणवलं आणि दोन्ही डबे, दोन्ही यंत्रं आणि एक कॉम्प्युटर जीपमध्ये टाकला. पंचनाम्यावर माझी सही घेतली, घराचे मालक म्हणून नानांची घेतली. जीप गेल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. मुंबईहून आलेली जीप गावात कुठेही न थांबता, कुणालाही न विचारता थेट आमच्या दारात आली होती. म्हणजे कुणीतरी पत्ता, खाणाखुणा, सगळं व्यवस्थित पुरवलं होतं.

कुणी, हे काय सांगायला हवं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठवल्यांच्या हॉटेलात नंदाशेठ चार लोकांत बसला होता. मी पायरीवरूनच विचारलं, "शेठ, तक्रार तुम्ही केलीत?"

नंदाशेठनं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली, सगळ्यांकडे एक नजर टाकली.

"पोरी," तो म्हणाला, "खातूच्या वाटेला जाताना आधी चौकशी करायची असते. माझी ऊठबस दिल्लीपर्यंत आहे."

"म्हणजे तुम्हीच."

"मी कुठं नाही म्हटलं?"

कुणीतरी हसलं. माझ्या कानशिलाला आग लागली. मी पायरीवरूनच माघारी वळले. पण घरी येता येता ठरवून टाकलं, की ह्या माणसाचा धंदा मी बुडवणार. चोरून नाही, कायद्यानं. आणि त्याला कळेल असा, की कुणी बुडवला.

नाना ओटीवर पेपर धरून बसले होते. मी सांगितलं, "नंदा खातू. स्वतःच्या तोंडानं कबूल झाला."

नानांनी पेपर खाली घेतला. "तो म्हणाला असं?"

"भर हॉटेलात."

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मग म्हणाले, "जाऊ दे. ज्याचं त्याच्यापाशी." आणि पेपर पुन्हा वर घेतला.

मला त्यांचा भयंकर राग आला. बापाला छपरावर चढवलं लोकांनी, आणि बाप म्हणतो जाऊ दे.

आणि बघा नशीब कसं. जेमतेम तीन महिन्यांत, २००५च्या जानेवारीअखेर, दिल्लीहून राजपत्र निघालं. लहरींच्या ज्या पट्ट्यात माझे डबे चालायचे तो पट्टा मोकळा झाला. ठरावीक ताकदीच्या आत राहा आणि हवं ते लावा, परवाना नको. पेपरात दोन इंचांची बातमी होती. ती वाचून मी पेपर फाडला. तीन महिने फक्त. जप्त केलेलं सामान तर खटल्याच्या कागदांत अडकून पडलं ते पडलंच, आणि नवं घ्यायला लगेच पैसा नव्हता.

नानांनी मात्र ओळखीच्या वकिलाकडून अख्खं राजपत्र मिळवलं आणि चष्मा लावून दोन दिवस वाचलं. सरकारी भाषेची त्यांना कोण गोडी. एक दिवस म्हणाले, "हेमा, हे कलम मजेशीर आहे बघ. मोकळ्या पट्ट्यात कुणाला संरक्षण नाही. म्हणजे तुझ्या शेजाऱ्याच्या यंत्रामुळे तुझं यंत्र बिघडलं, तर सरकारकडे रडत यायचं नाही. त्यालाही परवाना नाही, तुलाही नाही. आपसात बघून घ्या."

मी ते कलम पुन्हा वाचून घेतलं. नंतर एकटीनं इतक्यांदा वाचलं की पाठ झालं.

दसऱ्याला नंदाशेठनं शिरवण्याला इंटरनेट द्यायला नवसरात साठ फुटी मनोरा उभा केला आणि पलीकडे एक सेंटर उघडलं. आता परवाना लागत नव्हता, पैसा त्याच्याकडे होता आणि शिरवण्यातली गिऱ्हाइकं मी आयती तयार करून ठेवली होती. बाहेरून आणलेली पांढरीशुभ्र यंत्रं, पुण्याचा इंजिनियर, उद्घाटनाला पेढे. आमच्या घरीही पेढे पाठवले त्यानं. मी ते कावळ्यांना घातले.

मग मी कामाला लागले. स्वस्तातली सहा यंत्रं आणली. शिरवण्यात खाडीच्या काठानं तीन घरं निवडली, त्यातलं एक हमिदाबींचं, आणि प्रत्येक घरावर दोन-दोन डबे चढवले. ताकद कायद्याच्या आत, अगदी मोजून. त्या पट्ट्यात एकमेकांना न अडवता चालतील असे मार्ग, म्हणजे चॅनेल, तीनच. तिन्ही मी धरले. आणि ही यंत्रं करायची काय? काही नाही. ह्या घरातून त्या घरात जाड जाड फाइली पाठवत बसायची, परत मागवायची, पुन्हा पाठवायची. बाजारात कानाशी दहा माणसं कलकलाट करत असली, तर डोंगरावरून मारलेली हाक ऐकू येईल? नंदाशेठची हाक सात किलोमीटरवरून यायची. माझा कलकलाट त्याच्या यंत्राच्या कानाशी.

दिवसभर मी यंत्रं गप्प ठेवायची. संध्याकाळी सात वाजता सुरू. साडेसातला बायका नंदाशेठच्या नव्या सेंटरात नवऱ्यांशी बोलायला बसल्या, की पडद्यावरचा नवरा तोंड उघडून तसाच थिजायचा. आवाजाचे तुकडे पडायचे. इंजिनियर पुण्याहून आला, त्यानं मार्ग बदलला, तिथेही मीच. मनोरा दहा फूट वाढवला. काडीचा उपयोग झाला नाही. मी आमच्या पडवीत बसून घड्याळ बघायची आणि मला मनापासून आनंद व्हायचा. लाज वगैरे अजिबात वाटत नव्हती. इतकं गाढ समाधान मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

नवव्या आठवड्यात हमिदाबी तरीत बसून आल्या. पडवीत इतर माणसं होती म्हणून मला मागीलदारी घेऊन गेल्या.

"माझा भाचा दुबईहून आलाय," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटरचं शिकलेला आहे. त्यानं तुझं खोकं उघडून पाहिलं."

मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागले.

"तू म्हणालीस टेस्टिंग चाललंय. माझ्या गच्चीवर बसून माझ्याच नवऱ्याचा आवाज मारतेस तू, हेमा?"

"हमिदाबी, तुमच्यावर राग नाही माझा."

"ते मला ठाऊक आहे. पण मार मला बसतोय. शौकतचा पाय मोडलाय, महिना झाला. पडलाय खोलीवर. काय म्हणतो ते मला अर्धंच कळतं. अर्धं मी रात्रभर मनानं जुळवत बसते."

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "थोडे दिवस. तो टेकीला आलाय. मग मी स्वतः लाइन देते तुम्हाला. फुकट."

"फुकट कोण मागतंय?" त्या ताडकन म्हणाल्या. "तुझा राग तू काढ. त्या खातूनं कुणाचं भलं केलंय म्हणून मी त्याची बाजू घेऊ. पण माझ्या घरावर उभी राहून काढू नको. पंधरा दिवस देते. त्यानंतर तुझे डबे मी खाडीत टाकीन."

कुणीही दुसरा असता तर त्या दिवशी थांबला असता. मी नाही थांबले. पंधरा दिवस पुरतील का, एवढंच मी मनात जुळवत होते.

पुरले. चार दिवसांनी नंदाशेठ स्वतः पडवीत आला. मनोरा बांधून झाल्यापासून तो बारीक झाला होता. खुर्ची मी दिली नाही, त्यानं मागितली नाही.

"तुझे डबे काढ," तो म्हणाला.

"कुठले हो?"

"शिरवण्यातले. माझी लाइन मरते त्यानं."

"परवाना आहे तुमच्या लाइनीला?"

"आता लागत नाही."

"मग मला तरी कशाला लागेल?"

त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. मग म्हणाला, "मी मुंबईला जाऊन आलो. साहेबाला भेटलो."

"हो का? मग कुठलं कलम दाखवलं त्यांनी? थांबा, मी म्हणून दाखवते." आणि मी ते कलम इंग्रजीतून, मग मराठीतून, स्वल्पविरामासकट म्हणून दाखवलं. पडवीतली माणसं कॉम्प्युटर सोडून आमच्याकडे बघत होती. मला हवीच होती ती तिथे.

"माझ्या बायकोच्या बांगड्या आहेत त्या मनोऱ्यात," तो हळू आवाजात म्हणाला.

"माझा बाप छपरावर चढला होता, शेठ. तुमच्या एका तक्रारीपायी. आणि तुम्ही चहा पीत होतात ना आठवल्यांकडे?"

नंदाशेठनं तोंड उघडलं. काहीतरी ओठांवर आलं होतं त्याच्या. पडवीतल्या माणसांकडे त्यानं पाहिलं आणि ते तसंच गिळलं.

"बरं," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

अकराव्या आठवड्यात मनोरा उतरला. भंगारवाल्याची माणसं गॅसनं लोखंड कापत होती. बघायला अर्धं गाव लोटलं होतं. मी मुद्दाम इस्त्रीची साडी नेसून गेले आणि शेवटचा तुकडा ट्रकमध्ये पडेपर्यंत उभी राहिले. त्याच दिवशी आमच्या कौलांवर एक डबा चढवून, शिरवण्यातले डबे त्याच्याकडे फिरवून मी खरी लाइन चालू केली. हमिदाबींना शौकतभाई प्लास्टरमधल्या पायासकट दिसला. त्यांनी मला निरोप पाठवला, "दिसला. बोलू नको माझ्याशी महिनाभर."

घरी आले तर नाना ओटीवर. समोर पाट ठेवलेला, पाटावर पोस्टाची एक मळकी पोचपावती.

"बस," ते म्हणाले.

"काय झालं?"

"नंदानं तक्रार केली नव्हती."

मला वाटलं, म्हातारा सटकला. "काय बोलताय नाना? स्वतः म्हणाला तो."

"म्हणाला असेल. पण केली नव्हती." त्यांनी पोचपावती माझ्याकडे सरकवली. "मी अर्ज केला होता. परवान्यासाठी. तुझ्या नावानं. ऑगस्टात, रजिस्टर्ड पोस्टानं."

मी ती पोचपावती हातात घेतली. दिल्लीच्या कचेरीचा गोल शिक्का होता तिच्यावर.

"चौतीस वर्षं फॉर्म भरल्याशिवाय मी एक शब्द कुठं पाठवला नाही," नाना म्हणाले. "आणि माझ्याच डोक्यावर बिनपरवान्याचं यंत्र. मला झोप येईना गो. म्हटलं तू काही मागणार नाहीस, आपणच मागावा. शिक्का मारून येईल, तुला दिवाळीत देऊ. सगळं व्यवस्थित लिहिलं. घराचा नकाशा काढला, पाइपाची उंची लिहिली, अंतर लिहिलं. खाली लिहिलं, केंद्र सुस्थितीत कार्यरत असून सेवा समाधानकारक आहे."

"कार्यरत आहे, असं लिहिलंत तुम्ही?"

"होतंच ना कार्यरत," नाना म्हणाले.

परवाना मागताना कुणी चोरीची कबुली जोडून पाठवतं का? आमच्या नानांनी पाठवली होती, सुवाच्य अक्षरात, नकाशासकट. मला हसू यावं की रडू ते कळेना. आला तो संताप. ज्याची गचांडी धरायची होती तो माणूस माझ्यासमोर पाटाशी बसला होता.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. तू हॉटेलातून आलीस आणि म्हणालीस, तो कबूल झाला. मला काही समजेना. मनात आलं, आयता दुसरा कुणी अंगावर घेतोय तर..." ते थांबले. "भ्यालो मी. तुझ्या तोंडाकडे बघून भ्यालो. वाटलं, दोन महिन्यांत राग निवेल. तो तर वाढतच गेला. आणि कलमही मीच दाखवलं तुला."

त्यांच्याशी मी भांडले नाही. ताटात वाढलं, ते जेवले नाहीत, मीही जेवले नाही. सकाळी उठून चपला घातल्या आणि नंदाशेठच्या बूथवर गेले.

बूथ रिकामा होता. तो एकटा गल्ल्याशी बसून काच पुसत होता. मला बघून उठला नाही.

"आता काय राहिलंय न्यायचं?" तो म्हणाला.

"शेठ, तुम्ही तक्रार केली नव्हती."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. तो उठला, दार लोटून घेतलं, बाहेर कुणी आहे का पाहिलं. "कोणी सांगितलं?"

"ते सोडा. केली नव्हती ना?"

"नाही."

"मग हॉटेलात हो का म्हणालात?"

"तू विचारायच्या आधीच आठवले म्हणाला होता, शेठ, हे तुमचंच काम दिसतंय. मी नुसता हसलो. तेवढ्यात तू आलीस. चार माणसं बसलेली, म्हटलं, फुकट मोठेपणा मिळतोय तर सोडा कशाला." तो खुर्चीत टेकला. "आणि मिळाला गो. दुसऱ्या दिवसापासून लोक वाटेत थांबून नमस्कार घालायला लागले. केबलचे पैसे बुडवणारे घरी आणून देऊ लागले. ग्रामपंचायतीत खुर्ची पुढे करायला लागले. आयुष्यात कुणी घाबरलं नव्हतं मला. माझी बायकोसुद्धा नाही."

"पडवीत आलात तेव्हा का नाही सांगितलंत? मी थांबले असते."

"सांगणार होतो. सहा माणसं बसवली होतीस तू तिथं."

मी म्हटलं, "शेठ, चुकलं माझं. मी आठवल्यांच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांसमोर सांगते की तुमचा काही दोष नव्हता."

माझी समजूत होती की तो निवेल. नंदाशेठ खुर्चीतून असा उठला, की गल्ल्यावरचं फडकं खाली पडलं.

"नको," तो म्हणाला. "हेमा, हात जोडतो तुला. असं करू नकोस. धंदा गेला, बांगड्या गेल्या, ते राहू दे. लोक म्हणतात, खातूनं तिला हाणलं, तिनं खातूला हाणलं. बरोबरीचं भांडण झालं म्हणतात. तू खरं सांगितलंस तर मी कोण राहिलो? काही न करता बुडालेला आणि थाप मारून गप्प बसलेला एक माणूस. पोराचं लग्न ठरायचंय माझ्या. मला तुझा शत्रू राहू दे."

ज्याला मी अकरा आठवडे रोज संध्याकाळी सातला मारत होते तो हात जोडून उभा होता, आणि मागत होता ते एवढंच.

तेवढ्यात दार ढकलून आठवले आत आले, फोन करायला. आम्हा दोघांना समोरासमोर बघून ते उंबऱ्यातच थबकले.

नंदाशेठचा चेहरा क्षणात बदलला. मान ताठ झाली, आवाज चढला. "आणि हे बघ, पुन्हा माझ्या वाटेला आलीस तर पुन्हा दिल्लीला कळवीन. मागच्या वेळी डब्यावर भागलं. समजलं काय?"

बोलत होता तोऱ्यात, पण डोळे माझ्यावर लागले होते, आणि त्यांत पाणी होतं. आठवले कान टवकारून उभे. मला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते बोलायचा मोहही झाला मला.

मी मान खाली घातली.

"समजलं, शेठ," मी म्हणाले. "चुकी झाली. एवढ्या खेपेस सोडा. पुन्हा तक्रार करू नका."

आठवल्यांनी फोन केलाच नाही. तसेच मागे फिरले, हॉटेलाच्या दिशेनं, जवळजवळ पळतच. दुपारपर्यंत गावात झालं, की तारमास्तरांची हेमा खातूच्या बूथवर जाऊन त्याच्या पाया पडून आली. संध्याकाळी पडवीत दोघा-तिघांनी मला विचारलं, खरं का गं हे?

मी नाही म्हटलं नाही.